शस्त्राचे पाणी

दातांच्या बाबतीत आपली भाषा मोठी उदार आहे. कोणावर दात धरावा, कोणाचे दात कोणाच्या घशात घालावेत, चणे असता दात नसले तर दैवाला कसा बोल लावावा, या सर्वांची तजवीज आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. दात कोरून पोट भरत नाही, हेही ते सांगून गेले. परंतु दाताच्या आत शिरून तो कोरण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलेला नसल्यामुळे त्या आतल्या बोळाला त्यांनी नाव ठेवले नाही. ‘दंतमूलनलिका’ असा शब्द घडविता येतो खरा. पण जन्मभर मराठी शिकवूनही दवाखान्यात तो उच्चारण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. बेळगावासारख्या कुंदा खाणाऱ्या गावी ‘रूट कॅनॉल’ हा शब्द आता भाजीवालीच्याही तोंडी आहे, आणि आम्हीही तोच पत्करला आहे.

या उपचाराची जी मुख्य शस्त्रे, त्यांना वैद्यमंडळी ‘फाइल’ म्हणतात. सरकारी नोकरीत उभी हयात गेल्यामुळे फाइल म्हणजे लाल फितीने बांधलेली, टेबलावरून टेबलावर फिरणारी वस्तू एवढीच आमची समजूत होती. येथे तिचा अर्थ कानस असा आहे. लोहाराच्या दुकानातील कानशीचीच ही नात म्हणावी. पण आजी हातभर आणि नात बोटाच्या दोन पेरांएवढी. रोगी तिला सरळ ‘सुई’ म्हणतात, आणि आम्हांलाही तो शब्द अधिक जवळचा वाटतो.

या सुईचा जन्मही गमतीचा आहे. १८३८ साली एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून दातातील मृत मज्जा काढण्याचे पहिले हत्यार बनविले असे सांगतात. हाच गृहस्थ पुढे बंदुका सुधारण्यात नावारूपाला आला. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ प्रत्येक कारखानदार आपल्या मनाची मापे काढीत असे. एकाची तीन नंबरची सुई दुसऱ्याच्या पाच नंबराशी जुळेल असा भरवसा नव्हता. १९५८ साली इंगल आणि लेव्हिन यांनी सर्वांची मापे एकच असावीत असा आग्रह धरला, आणि पुढे ती व्यवस्था जगभर रूढ झाली. आज १५ क्रमांकाच्या सुईचे टोक ०.१५ मिलिमीटरचे असते. तेथून वर प्रत्येक मिलिमीटरला तिची जाडी ०.०२ मिलिमीटरने वाढते, आणि धारेचा भाग १६ मिलिमीटर लांब असल्याने तो संपतो तेथे ती ०.४७ मिलिमीटर भरते. मुठीचे रंगही ठरलेले : १५ ला पांढरा, २० ला पिवळा, २५ ला तांबडा, मग निळा, हिरवा, काळा. गणिताच्या तासाला हे उदाहरण आम्ही फळ्यावर घातले आहे. मुलांना ते नफातोट्याच्या गणितांहून आवडते.

शून्य पूर्णांक पंधरा शतांश मिलिमीटर म्हणजे माणसाच्या डोक्याचे दोन केस शेजारी ठेवावेत एवढी जाडी. एवढ्या बारीक पोलादाने दाढेच्या वाकड्या मुळातून वाट काढावयाची, भिंती खरवडावयाच्या आणि सुखरूप बाहेर यावयाचे. कधी कधी ती येत नाही.

आमच्या कुटुंबाची खालची डावी दाढ काही वर्षांपूर्वी परगावी एका दवाखान्यात अशीच साफ केली गेली, भरली गेली, वर टोपीही बसली. दोन वर्षांनी हिरडी सुजू लागली. रात्री उठून लवंगेचे तेल शोधणे सुरू झाले. येथील दंतवैद्यबाई एके काळी आमच्या शाळेच्या विद्यार्थिनी. त्यांनी क्ष-किरण चित्र काढले आणि बराच वेळ ते उजेडापुढे धरून पाहिले.

“काकू, आत सुईचा एक तुकडा राहिलाय. आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?”

कोणी सांगितले नव्हते. हत्यार मोडले याचा आम्हांस तेवढा राग आला नाही. मोडले हे ज्याचे तोंड त्याला न सांगता वर टोपी बसविली, याचा आला आणि अजून आहे. बाईंनी आम्हां दोघांना बसवून समजावले की, तुकडा म्हणजे काही विष नव्हे. त्याच्या खाली जर घाण राहिली नसेल तर तो जन्मभर निमूट पडून राहू शकतो. येथे घाण राहिली होती. तीन बैठकींत त्यांनी तुकड्याच्या कडेने दुसऱ्या बारीक सुईने वाट काढली, खालचा भाग धुतला आणि मूळ पुन्हा भरले. तुकडा जागीच राहिला. दाढ आता चपाती चावते, चकली मात्र उजवीकडे.

पोलाद मोडते कसे, हा प्रश्न त्यानंतर आमच्या डोक्यातून जाईना. हात जड असेल, मूळ वाकडे असेल, सुई जुनी असेल, ही कारणे कोणालाही सुचतील, आणि ती खरीही आहेत. बाईंनी जे चौथे कारण सांगितले ते मात्र आमच्या कल्पनेत नव्हते. त्यांनी दोन सुया सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. एक कोरी, तिची वळणे आरशासारखी. दुसरी, मदतनिसाने अधिक स्वच्छ व्हावी म्हणून जंतुनाशक द्रवात रात्रभर बुडवून ठेवलेली. तिच्या अंगावर देवीच्या वणांसारखे काळपट खड्डे पडले होते आणि मुठीशी तांबूस गंज चढला होता.

“सर, हिला दातांनी नाही मोडलं. हिला पाण्यानं खाल्लं.”

आपल्याकडे शस्त्राला ‘पाणी देणे’ म्हणतात. लोहार तापलेले पाते पाण्यात बुडवितो आणि त्याने ते कठीण होते. पोलादाला कस देणारे पाणी आम्हांस ठाऊक होते. पोलादाचा कस खाणारे पाणी आम्ही त्या दिवशी पाहिले.

तो द्रव म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचचाच वंशज. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्तोले या फ्रेंच रसायनज्ञाने क्लोरीनच्या जोरावर कापड पांढरे करण्याची युक्ती काढली, आणि पॅरिसजवळच्या जावेल गावात तयार होणाऱ्या त्या पाण्याला गावाचेच नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात खंदकांतून येणाऱ्या सैनिकांच्या जखमा सडत, तेव्हा हेन्री डेकिन हा इंग्रज रसायनज्ञ आणि अलेक्सिस कॅरल हा फ्रेंच शल्यवैद्य या दोघांनी त्याच द्रवाचा अर्धा टक्का सौम्य प्रकार जखमा धुण्यास वापरला. डेकिनची कामगिरी अशी की, जखमेत झोंबणारा त्यातील दाहक अंश त्याने बोरिक आम्ल घालून काबूत आणला. पुढे दंतवैद्यांनी तो उचलला. १९४१ साली ग्रॉसमन आणि माइमन यांनी तो दातातील मृत मांस विरघळवितो हे प्रयोगाने दाखविले, आणि त्याचे आसन पक्के झाले. जंतू मारणारे द्रव पुष्कळ आहेत. पण नलिकेच्या कोनाकोपऱ्यांत, जेथे सुई पोहोचतच नाही, तेथले मृत मांस विरघळवून टाकणारा असा दुसरा नाही. म्हणून अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे तो आजही पिचकारीने आत सोडतात. त्याच्या वाचून भागत नाही, ही यातली खरी अडचण आहे. नुसता वाईट असता तर त्याला हाकलून देता आले असते.

आता, न गंजणारे पोलाद गंजते कसे? १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता, त्यातून हे पोलाद हाती आले. त्याची किमया अशी की, क्रोमियम हवेतील प्राणवायूशी संयोग पावून अंगावर एक पापुद्रा धरते, डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांएवढा. ओरखडा उठला तर तो आपला आपण पुन्हा जमतो. पोलाद गंजत नाही ते स्वभावाने नव्हे, या पांघरुणामुळे. क्लोराइडचे कण हे पांघरूण सगळीकडून काढीत नाहीत. एखाद्या दुबळ्या जागी, मुठीच्या सांध्यात किंवा धारेच्या खाचेत ते भोक पाडतात. भोकाच्या आत प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून पापुद्रा पुन्हा जमत नाही. उलट आतले पाणी आम्ल होते, आणखी क्लोराइड ओढून घेते आणि खड्डा खोल जातो. बाहेरून टाचणीच्या टोकाहून लहान तोंड, आत मोठे पोट. सगळ्या अंगाला तांबडा गंज चढला तर माणूस सावध तरी होतो. हा खड्डा कोणाला सावध करीत नाही.

आणि जाडच किती, तर दोन केस! वाकड्या मुळात सुई फिरते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, अर्ध्या फेऱ्यात ताणलेली दाबली जाते आणि दाबलेली ताणली जाते. मुले तार इकडून तिकडे वाकवून तोडतात, तोच हा प्रकार. उद्यमबागेत लेथवर काम करणारे एक पालक आम्हांस म्हणाले होते की, क्रॅंकशाफ्टच्या कोपऱ्यात हत्याराचा एक ओरखडा राहिला तरी चीर तेथूनच निघते, म्हणून तो कोपरा ते काचेसारखा करतात. ताण सगळ्या अंगावर वाटला जात नाही, तो खड्ड्याच्या तळाशी येऊन बसतो. सुईचे तसेच.

हे सारे शास्त्र आम्हांस नवे. पण विचार करता करता लक्षात आले की, आमच्या आईला त्यातले बरेचसे ठाऊक होते. मीठ ती चिनीमातीच्या बरणीत ठेवी, लोणच्यात लाकडी पळी घाली, आणि कैरी चिरली की विळी तशीच टाकून उठू देत नसे; धुऊन, पुसून, कोरडी करून मगच ती उभी करावयाची. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक राहिले तर ते कळकते. ‘कळकणे’ या शब्दाला दुसऱ्या भाषेत एका शब्दाचा पर्याय आम्हांस तरी मिळाला नाही. आंबट आणि खारट यांच्यापुढे धातूचे काही चालत नाही, हे ज्या भाषेने क्रियापद करून ठेवले, तिला रसायनशास्त्र येत नव्हते असे कोण म्हणेल?

आणि ज्यांना आईची विळी आठवत नाही त्यांच्यासाठी अलीकडचा दाखला आहे. २०२० आणि २०२१ साली साथीच्या भयाने शाळांतून हायपोक्लोराइटची फवारणी झाली. ज्या वर्गांत ती नुसती मारून पुढच्या वर्गात गेले, मागून पाण्याचा फडका कोणी फिरविला नाही, तेथील बाकांचे लोखंडी पाय, दारांच्या कड्या आणि बिजागऱ्या पाहाव्यात. बेळगावचा पावसाळा लोखंडाला तसाही दयामाया दाखवीत नाही. पण ही काही पावसाची करणी नव्हे.

द्रव वापरावा की न वापरावा, असा वाद मुळी नाहीच. प्रश्न मिनिटांचा आहे. नलिकेत काम चालू असता सुईला तो लागतो, तेवढ्याने तिचे फारसे बिघडत नाही. काम झाल्यावर तिला पुसून, घासून, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी करावी, आणि मग वाफेच्या पेटीत १२१ अंशांवर पंधरावीस मिनिटे किंवा १३४ अंशांवर तीनचार मिनिटे ठेवावी, असा शिरस्ता आहे. वाफेचे पाणीही ऊर्ध्वपातित हवे. बोअरच्या पाण्यातील क्षार पोलादावर डाग पाडतात. बिघडते ते रात्रभर बुडवून ठेवल्याने. त्यातही मांसाचे कण चिकटलेली सुई तशीच बुडविली तर द्रवाची शक्ती त्या कणांवरच खर्ची पडते. सुई शुद्धही होत नाही आणि शाबूतही राहत नाही. अति तेथे माती ही म्हण येथे अक्षरशः खरी आहे, कारण गंज म्हणजे लोखंडाची मातीच.

जुन्या दवाखान्यांतून ग्लुटराल्डिहाइडच्या तबकात हत्यारे पडलेली असत. तो द्रव पोलादाला हायपोक्लोराइटइतका वैरी नाही, पण जंतूंचे बीज मारावयास त्याला दहा तास लागतात आणि नाकाडोळ्यांना तो झोंबतो. काही द्रवांत गंज लागू नये म्हणून सोडियम नायट्राइट घालीत. एकाच तबकात साधे पोलाद, न गंजणारे पोलाद आणि मुलामा दिलेली हत्यारे एकत्र भिजली की प्रयोगशाळेतील व्होल्टाच्या घटासारखा तेथे विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि दुबळी धातू आपला जीव देते. आमचे विज्ञानशिक्षक हे ऐकून इतके खूश झाले की, दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याची पट्टी, खिळा आणि मिठाचे पाणी घेऊन सारा वर्ग त्याभोवती गोळा केला.

आता निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रणाच्या सुया आल्या आहेत. हे मिश्रण अमेरिकी आरमाराच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्युलर यांना गवसले. १९८८ साली वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची सुई करून पाहिली. वाकविली तरी ती सरळ होते, म्हणून वाकड्या मुळात तिची कमाल. तिच्या अंगावरचे टायटॅनियमचे पांघरूण अधिक चिवट. तरी तासन् तास हायपोक्लोराइटमध्ये पडली तर तिच्यातील निकेल निघून जाते आणि खड्डे पडतात. पोलादी सुई मोडण्यापूर्वी बहुधा तिचे पीळ सैल पडतात, पाहणाऱ्याला इशारा मिळतो. ही पुष्कळदा काही न सांगताच मोडते. म्हणून ती किती दाढांत फिरली याची नोंद ठेवावी लागते, आणि नोंद भरली की ती दिसावयास कितीही ठाकठीक असली तरी टाकावी लागते.

आम्हांस खरी पंचाईत वाटते ती येथेच. सरकारी शाळेत वस्तू मोडल्याखेरीज टाकता येत नाही. खुर्चीचा पाय तुटावा, तिची डेड स्टॉक रजिस्टरात नोंद व्हावी, समितीने तो पाय पाहावा, मग निर्लेखनाचा ठराव. चांगली दिसणारी वस्तू टाकणे हा आमच्या लेखी गुन्हाच, आणि आमच्या घरांतूनही हेच वळण आहे. आईच्या मागे तिचा अडकित्ता तिसरी पिढी वापरते. सुईला मात्र मोडेपर्यंत ठेवून चालत नाही. तिचे निर्लेखन तिच्या धडधाकट वयातच झाले पाहिजे. इंग्लंडात २००७ साली तेथील आरोग्यखात्याने या सुया एकदाच वापरून टाकाव्यात असे दंतवैद्यांना कळविले. कारण गंजाचे नव्हते, मेंदूच्या एका दुर्धर रोगाचा अंश धुऊनही सुईवर राहील या धास्तीचे होते. आपल्याकडे त्या पुन्हा पुन्हा वापरल्या जातात, आणि त्याचा दोष एकट्या वैद्याच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. दाढ वाचविण्यासाठी आलेला मनुष्य बिलातील शेवटच्या शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा ते शंभर रुपये कोठून तरी निघावे लागतात.

बाई आता बिलात सुयांचा आकडा वेगळा लिहितात. वापरून झालेली सुई रोग्यासमोर पांढऱ्या, टोचू न देणाऱ्या डब्यात टाकतात. काही जण तोंड वाकडे करतात. “डॉक्टर, अजून चांगली दिसते की ही!” असे म्हणणारेही भेटतात, त्यांना त्या सूक्ष्मदर्शकापाशी नेतात. परवा उद्यमबागेतील एक ओतकामगार आला होता. सुई डब्यात टाकण्यापूर्वी त्याने ती चिमट्यासह जरा उजेडाकडे धरावयास सांगितली, एक डोळा मिटून टोकापासून मुठीपर्यंत पाहिली, आणि काही न विचारता पैसे मोजले.